जलसमृद्ध वस्तीचं जाहीर प्रगटन

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'मीडिया रिलेशन्स स्ट्रॅटेजिस्ट' असं छापलेलं होतं. नांदेडमध्ये त्या कार्डाचा उपयोग एकच. समोरचा माणूस ते हातात घेऊन उलटंपालटं करायचा आणि विचारायचा, "म्हणजे मॅडम, करता काय तुम्ही?" मी सांगायची, पत्रकारांशी संबंध ठेवते. त्यावर काही जण हसायचे. तालुक्यातालुक्याचे वार्ताहर मला सरळ 'प्रेसनोटवाली मॅडम' म्हणत, आणि मला मिळालेल्या सगळ्या पदव्यांत तेवढी एकच खरी होती.

एजन्सी पुण्याची. तिची नांदेड शाखा म्हणजे एका दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या. खाली ड्रिल सुरू झालं की वर आमची रणनीती थांबायची. मालकांना आम्ही 'सर' म्हणायचो. सर महिन्यातून एकदा स्लीपर बसनं यायचे, सोबत पुण्याहून भरून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या असायच्या, कारण "इथलं पाणी आपल्याला सूट होत नाही." मराठवाडा हे त्यांच्या लेखी एकच मोठं, धुळकट गाव होतं. "संध्याकाळी जरा लातूरला जाऊन ये ना," असं ते मला नांदेडात दुपारी चार वाजता सांगत. लातूर म्हणजे पुढच्या गल्लीत आहे अशी त्यांची समजूत होती आणि ती दुरुस्त करण्यात मला काडीचाही रस नव्हता. ते बोलायला लागले की 'नॅरेटिव्ह' आणि 'परसेप्शन' हे दोन शब्द माश्यांसारखे खोलीभर फिरत. असल्या माणसाला मराठवाड्यातली माणसं पैसे देत होती, यात मराठवाड्याचीही थोडी अब्रू जातेच.

आमचा सगळ्यात मोठा क्लायंट नांदेड आणि लातूरच्या मधोमध असलेल्या एका तालुक्याच्या गावचा. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावाचा काही दोष नाही. हा गृहस्थ शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष, पतसंस्थेचा अध्यक्ष, एका मंगल कार्यालयाचा मालक, आणि वर 'जिल्हा निर्मिती कृती समिती'चाही अध्यक्ष. लोक त्याला नुसतंच 'अध्यक्ष' म्हणत. एवढ्या अध्यक्षपदांमुळे त्याच्या अंगाला अध्यक्षपणा असा भिनला होता की तो जेवायला बसला तरी सभेला बसल्यासारखा दिसायचा.

नव्या जिल्ह्याचं आमच्याकडे एक पंचांगच आहे. सव्वीस जानेवारी जवळ आली की मोबाइलवर नव्या जिल्ह्यांची यादी फिरू लागते. सव्वीस जानेवारी जाते, काही होत नाही, मग पंधरा ऑगस्टला तीच यादी एक-दोन नावं बदलून पुन्हा येते. जिल्हा होणार की नाही याचा पत्ता नाही, पण जिल्ह्याचं ठिकाण कोणतं यावरून शेजारशेजारची दोन गावं एकमेकांची तोंडं बघत नाहीत. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ती ही गोष्ट. अध्यक्षांना आपलं गाव जिल्ह्याचं ठिकाण करायचं होतं आणि स्वतःला 'जिल्ह्याचे जनक' म्हणवून घ्यायचं होतं. कलेक्टर कचेरीसाठी त्यांच्या समितीनं गावाला लागून असलेल्या एका खेड्याच्या शिवारातली जागाही सुचवून ठेवली होती. त्या जागेच्या शेजारची जमीन कुणाची, हे तालुक्यात कुणालाही विचारायची गरज नव्हती.

त्याच खेड्याच्या वस्तीत माझी थोरली बहीण राहते. अक्का. दहावी झाल्यावर तिचं लग्न तिथं झालं. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. ही नोकरी तिनं मागून मिळवली नाही, भांडून मिळवली. सरपंचाला त्या जागी आपल्या नात्यातली बाई बसवायची होती. अक्का पंचायत समितीत चपला झिजेपर्यंत गेली आणि नेमणुकीचा कागद घेऊन आली. सरपंच अध्यक्षांचा माणूस, त्यामुळे तो राग अजून कुठेतरी मुरत पडलेला होता. अक्काचे यजमान, आमचे दाजी, सेंटरिंगच्या कामाला जातात. त्यांचा भाऊ पुण्याकडे कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहे, आणि तो दर आठवड्याला फोन करून सांगायचा की इकडे या, इथं नळाला चोवीस तास पाणी आहे.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते साल. आमच्या सगळ्याच भागाची दैना होती, पण वस्तीची विहीर तर माघातच आटली. सरकारी टँकर यायचा, विहिरीत पाणी सोडायचा, मग बाया पोहऱ्यानं ते शेंदून घ्यायच्या. अंगणवाडीची खिचडी त्याच पाण्यावर शिजायची. अक्कानं दाजींना सांगून टाकलं होतं, "टँकर येतोय तंवर मी हितनं हालणार न्हाई. टँकर बंद झाला तर मग बघू." बघू म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं. घराला कुलूप, अंगणवाडीला राजीनामा, आणि पुण्याला दिराच्या एका खोलीत सहा माणसं. पुन्हा परत येऊ तेव्हा नोकरी कुणाच्या नात्यातल्या बाईच्या नावावर झालेली असेल, हेही माहीत होतं. सगळं त्या टँकरवर लटकलेलं होतं.

सरांना मात्र दुष्काळ आवडला होता. दुसरा शब्द मला सापडत नाही. देशभरचे चॅनेलवाले लातुरात उतरले आणि सर फोनवर ओरडले, "लातूर ट्रेंड होतंय! आपले क्लायंट तिथे दिसले पाहिजेत." मग मी अध्यक्षांना घेऊन लातूर गाठलं. गाडीत त्यांनी तीन सदरे आणले होते, कोणता जास्त दुःखी दिसतो ते मला ठरवायला सांगितलं. स्टेशनाजवळ आमच्यासारख्या बऱ्याच जणांची गर्दी होती. जो तो रेल्वेच्या पाण्याच्या वाघिणी फोटोत आपल्या मागे येतील असा उभा राहायचा. अध्यक्षांनी वाघिणीला हात जोडले, डोळ्यांना रुमाल लावला आणि रुमालाआडून मला विचारलं, "आला का फोटो?" मी म्हटलं, आला. "रुमाल मोठा दिसत नाही ना?" मी म्हटलं, नाही. रुमाल पांढरा, इस्त्रीचा, आणि कोरडा ठणठणीत होता.

त्याच दिवशी पुण्याच्या ऑफिसात दुसरी प्रेसनोट तयार झाली. ती नव्या जिल्ह्याची. शेजारच्या गावाच्या समितीनं म्हणे असं पसरवलं होतं की आमच्या अध्यक्षांच्या गावात पाणीच नाही, तिथं कलेक्टर येऊन आंघोळ कशानं करणार. त्याला उत्तर म्हणून पुण्यात बसलेल्या कुणा लेखनिकानं, ज्यानं लातूरच्या पलीकडचं काही आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, एक मजकूर लिहिला: नियोजित कलेक्टर कचेरीचा परिसर 'जलसमृद्ध' असून तेथे पाण्याचे मुबलक स्रोत उपलब्ध आहेत. खाली खेड्याचं नाव. हा मजकूर माझ्या हाताखालून गेला नाही. सरांनी थेट वार्ताहरांच्या ग्रुपवर टाकला. मी तेव्हा रुमालाचा आकार मोजत उभी होते.

दुसऱ्या दिवशी पेपर उघडला. जिल्हा पानावर वरच्या बाजूला अध्यक्ष, डोळ्यांना रुमाल, 'थेंबभर पाण्यासाठी मराठवाडा तहानलेला'. त्याच पानावर खालच्या बाजूला तेच अध्यक्ष, हसरे, 'आमचा परिसर जलसमृद्ध'. एकच पान, एकच माणूस, एक रडणारा, एक हसणारा. उपसंपादकाला दिसलं नाही, वार्ताहराला दिसलं नाही, खुद्द अध्यक्षांना तर दिसलंच नाही. ते फोनवर खुश होते: "मॅडम, एका पानात दोन फोटो!" सरांनी त्याचं कात्रण रंगीत प्रिंट काढून फाइलला लावलं. ज्या धंद्यात बातमीची लांबी-रुंदी मोजतात आणि अर्थ मोजत नाहीत, तिथं दुसरं काय होणार. मीही त्या दिवशी हसलेच. हसू पुरतं आठ दिवसही टिकलं नाही.

टँकरच्या खेपांची मुदत संपत आली होती. ती वाढवून घ्यायला दाजी तहसीलला गेले. टंचाईचं काम बघणाऱ्या कारकुनानं अर्जावर एक ओळ लिहून अर्ज परत दिला. दाजींनी तो फोटो काढून मला पाठवला. ओळ अशी होती: 'वृत्तपत्रीय वृत्तानुसार सदर परिसर जलसमृद्ध असल्याने टँकरची आवश्यकता दिसून येत नाही.'

मी रजा टाकून बसनं गेले आणि त्या कारकुनासमोर उभी राहिले. तहसीलच्या मागच्या खिडकीतून वस्तीवरचा निळा झेंडा दिसतो. मी त्याला म्हटलं, "साहेब, ती बघा वस्ती. मोटारसायकलवर बसा, विहिरीत डोकावा."

"आमचं काम कागदावर चालतं मॅडम," तो म्हणाला. "बातमी आलीय. बातमी चुकीची असंल तर खुलासा छापून आणा. मी लगेच फाइल वर पाठिवतो."

"आणि बातमी आली नसती तर?"

"तर ग्रामपंचायतीचा ठराव लागला असता." तो ठराव देणारा सरपंच कोण, हे मी वर सांगितलंच आहे.

अक्काच्या घरी गेले तर दाजी पत्र्याच्या पेटीवर बसलेले. पेटी भिंतीजवळून मधे ओढलेली होती. "तीन-चार दिवस वाट बघतो," दाजी म्हणाले. "मग जातो." अक्का खिचडीचं पातेलं वाळूनं घासत होती, कारण पाण्यानं घासायची ऐपत राहिली नव्हती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्याच कंपनीनं छापलं म्हणं."

मी म्हटलं, "मी नाही लिहिलं."

"मग ज्यानं लिवलं त्याला म्हणावं पूस."

खुलासा दोन ओळींचा. 'जलसमृद्ध हा उल्लेख वस्तीस लागू नाही.' बस. मी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी खुर्चीत मागे रेलून शांतपणे ऐकलं. माझ्या आयुष्यात मी निर्लज्ज माणसं बरीच पाहिली, धंदाच तसा होता. पण इतका आरामात बसलेला निर्लज्जपणा पुन्हा पाहिला नाही. "मॅडम," ते म्हणाले, "खुलासा म्हणजे माघार. त्या शेजारच्या गाववाल्यांना तेच पाहिजे. थोडं मोठं चित्र बघा. एकदा जिल्हा झाला की तुमच्या वस्तीला काय कमी? कलेक्टर दारात येऊन बसणार." मी विचारलं, तोपर्यंत प्यायचं काय? "तुम्ही फार भावनिक होता," ते म्हणाले, आणि चहा मागवला.

मग मी माझ्या 'संबंधां'कडे वळले. कार्डावर तेच छापलं होतं ना. सगळ्यात मोठ्या पेपरचा तालुका प्रतिनिधी खत-बियाण्याचं दुकान चालवायचा. दुकानाच्या पाटीवर पेपरचं नाव खतापेक्षा मोठं. त्यानं माझं ऐकून खो खो हसून घेतलं.

"तुम्हीच बातमी पाठिवली, आन् आता तुम्हीच खुलासा मागून राहिल्या? लई भारी."

"छापाल का तेवढं सांगा."

"कसं छापू मॅडम? पुढच्या महिन्यात अध्यक्षांचा वाढदिवस हाय. आठ पानी पुरवणी काढून राहिलो मी. तेवढ्यावर वरचे लोक मला जगू देतात." त्यानं आवाज खाली आणला. "बातमीत तर न्हाईच न्हाई. बातमीत अध्यक्षांच्या विरोधात शब्द बसत न्हाई."

दुसऱ्या दोन पेपरांची उत्तरं वेगळी होती, अर्थ हाच. सात-आठ वर्षं मी या लोकांना दिवाळीला मिठाई दिली, त्यांच्या पोरांच्या ॲडमिशनसाठी फोन केले, त्यांच्या सासऱ्यांच्या तेराव्याला गेले. दोन ओळींसाठी एकाचंही पेन उघडलं नाही. त्यांचा मला तेव्हा जितका राग आला तितकीच कीवही आली. असल्या लोकांशी 'संबंध' ठेवण्यात मी उमेदीचा काळ घालवला होता, त्याचा राग वेगळा.

खताच्या दुकानात बसल्या बसल्या त्याचाच पेपर चाळत होते. शेवटून दुसऱ्या पानावर, जिथं कुणी थांबत नाही, तिथं बारीक अक्षरांचे चौकोन असतात. कुणी जमीन घेण्याआधी हरकती मागवतोय, कुणी नावातला 'राव' काढून टाकतोय, कुणा बापानं जाहीर केलंय की मुलगा आपल्या कह्यात नाही, त्याच्याशी कुणी व्यवहार करू नये. जाहीर प्रगटन. मराठी माणसाच्या घरातली सगळी भांडणं तिथं कायद्याच्या भाषेत आंघोळ करून बसलेली असतात. आणि त्याच क्षणी कळलं, या पानाला संपादक नाही. इथं अध्यक्षांचा हात पोहोचत नाही, कारण इथं काही वाचण्यासारखं असेल असं अध्यक्षांना सुचलेलंच नाही.

छोट्या जाहिराती बसस्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानात घ्यायचे. दुकान एका वयस्कर चाचांचं. त्यांनी चष्मा वर केला. "क्या है? जमीन हाय, नाव बदलायचं हाय, का पोरगं घरातून काढलं?"

"चाचा, जाहीर प्रगटन आहे."

"कशाचं?"

"पाणी नाही, याचं."

चाचांनी रकान्यांची यादी पुढं ओढली. "ये 'हरवले आहे' में डालू क्या?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. मी म्हटलं, नको, प्रगटनातच घ्या. मग मी तिथंच उभ्याउभ्या लिहिलं. इतक्या वर्षांत एवढं समाधानानं मी दुसरं काही लिहिलेलं नाही, म्हणून पाठ आहे.

'जाहीर प्रगटन. तमाम लोकांस कळविण्यात येते की, आमच्या वस्तीतील सार्वजनिक विहीर कोरडी असून वस्तीत पिण्याचे पाणी नाही. सदर विहिरीत पाणी असल्याबाबत कोणाही इसमाचा अगर संस्थेचा दावा, हक्क अगर हरकत असल्यास त्यांनी हे प्रगटन प्रसिद्ध झाल्यापासून सात दिवसांचे आत पुराव्यासह तहसील कार्यालयात लेखी कळवावे. मुदतीत हरकत न आल्यास विहिरीत पाणी नाही असे समजण्यात येईल.'

खाली सही अक्काची. ती घ्यायला मी परत वस्तीवर गेले. अक्कानं कागद दोनदा वाचला. "समजण्यात येईल म्हंजे?" ती म्हणाली. "न्हाईच हाय की पाणी. त्येच्यात समजायचं काय?"

"कायद्याची भाषा असते ती."

"तुझं नाव न्हाई टाकायचं का?"

"माझं नाव टाकलं तर छापणार नाहीत."

"माझं टाक," ती म्हणाली. "मला सरपंचाच्या शिव्या नव्या हायेत का?" आणि तिनं पूर्ण नावाची सही केली, ठसठशीत, अंगणवाडीच्या हजेरीवर करते तशी.

प्रगटन छापून आलं. दाजींनी पुण्याचं जाणं सात दिवस पुढं ढकललं. आमचा हिशेब साधा होता: मुदत सरेल, कुणी हरकत घेणार नाही, छापील कागद कारकुनाच्या नाकासमोर धरायचा. विहिरीत पाणी नाही या म्हणण्याला हरकत घेण्याइतकं मूर्ख कोण असेल?

अध्यक्ष होते. ते पान त्यांनी वाचलं नव्हतं, पण शेजारच्या गावाच्या समितीनं वाचलं. त्या लोकांनी कात्रण तालुकाभर फिरवलं, वर मथळा दिला, 'जलसमृद्ध जिल्ह्याच्या ठिकाणी पाणी नसल्याचे जाहीर प्रगटन'. अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सहाव्या दिवशी कृती समितीच्या वतीनं एका वकिलानं तहसीलमध्ये रीतसर लेखी हरकत दाखल केली की सदर विहिरीत पाणी आहे. मी नंतर ती प्रत पाहिली. 'आमचे अशिलांची सक्त हरकत आहे' असं तिच्यात होतं. कोरड्या विहिरीच्या कोरडेपणाला सक्त हरकत घेणारा माणूस जगाच्या पाठीवर आमच्याच तालुक्यात जन्माला येऊ शकतो.

सरांचा पुण्याहून फोन आला. "ही बाई कोण आहे? हिला कोणीतरी फीड करतंय. आपल्याला काउंटर करावं लागेल."

मी म्हटलं, "माझी बहीण आहे."

मला वाटलं, आता तरी लाजतील. "अरे वा," सर म्हणाले, "मग सोपंच आहे. मॅनेज कर ना तिला."

"अक्का मॅनेज होत नाही, सर. ती आमच्या आईलाही झाली नाही."

हरकत आली म्हणजे वाद उभा राहिला, आणि वाद उभा राहिला म्हणजे साहेबाला स्वतः जाऊन जागा पाहावी लागते. जे पहिल्या दिवशी दोन मिनिटांत होण्यासारखं होतं, ते करायला तहसीलदारांना अध्यक्षांच्या वकिलानं भाग पाडलं. पाहणीच्या दिवशी वस्तीवर सगळी जत्रा लोटली. तहसीलदार, तो कारकून, फाइल काखेत धरलेला वकील, पांढऱ्या कपड्यांतली समिती, आणि माझे सगळे संबंध, गळ्यात कॅमेरे अडकवून. मीही एजन्सीच्या वतीनं हजर होते, कारण सरांचा तसा हुकूम होता. अक्का बायांच्यात उभी होती. दाजी जरा बाजूला.

तहसीलदारांनी विहिरीत डोकावून पाहिलं. "काही दिसत नाही," ते म्हणाले.

वकील पुढं झाला. "साहेब, तळाशी ओल आहे. ओल आहे म्हणजे स्रोत आहे. स्रोत आहे म्हणजे..."

"पाणी हाय साहेब," समितीतला एक जाडजूड गृहस्थ म्हणाला. "वरून दिसत न्हाई, खोल हाय. हे बघा." आणि त्यानं मोठ्या आत्मविश्वासानं एक दगड उचलला आणि विहिरीत टाकला. विहिरीत पाणी आहे का, हे आमच्याकडे असंच बघतात, डुबुक आवाज येतो का ते ऐकायचं. सगळे गप्प झाले. वकीलसुद्धा कान देऊन उभा राहिला.

ठक्.

खडकावर खडक आपटल्याचा आवाज, आणि पाठोपाठ आणखी एक बारीक ठक, दगड उडून पुन्हा पडल्याचा. तहसीलदारांनी अध्यक्षांकडे पाहिलं. बायांमधून कुणीतरी फिसकन हसलं. तो गृहस्थ म्हणाला, "दुसरा टाकू का?" तहसीलदार म्हणाले, "राहू द्या," आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी तिथंच टँकर मंजूर केल्याचं लिहिलं.

संध्याकाळी सरांनी प्रेसनोट स्वतः लिहून मला फोनवर वाचून दाखवली. 'अध्यक्षांनी लेखी हरकत घेऊन तहसीलदारांना थेट विहिरीवर आणले; वस्तीला अखेर टँकर मंजूर.' ते खुशीत होते. "सांग, एक शब्द तरी खोटा आहे का?" खरोखरच नव्हता. त्यांच्या हाताखाली मी पाहिलेल्या सगळ्या नोटांत अक्षरन् अक्षर खरी असलेली ही एकमेव नोट, आणि तिच्याइतकी घाणेरडी दुसरी नाही. मी ती पाठवायला नकार दिला. ते म्हणाले, विचार कर. मी म्हटलं, केला, आणि ऑफिसची किल्ली खालच्या डेंटिस्टकडे ठेवून आले. नोट त्यांनी पाठवली, ती सगळीकडे छापून आली. त्या खतवाल्यानं तर तीन कॉलमांत.

पहिला टँकर आला तेव्हा मी वस्तीवरच होते, आता कुणाच्याही वतीनं नाही. पाणी विहिरीत सोडायच्या आधी नळावरच भरून घ्यायला बाया हंडे-घागरी घेऊन उभ्या. पण टँकरचा नळ उघडेना. ड्रायव्हर म्हणाला, थांबायला सांगितलंय. सरकारी टँकरला अध्यक्षांच्या फोटोचा बॅनर बांधायचं काम सुरू होतं. दोरी कमी पडली म्हणून ती आणायला माणूस गावात गेला होता. उन्हात हंडे तापले. लहान लेकरं टँकरच्या सावलीत बसून गळतीच्या थेंबाखाली हात धरत होती. मग दोरी आली, बॅनर बांधला गेला, अध्यक्षांची गाडी आली, कॅमेरे आले.

अध्यक्षांनी नळावर हात ठेवला आणि इकडेतिकडे पाहिलं. नुसता नळ आणि आपण, यात मजा नाही हे त्यांना कळत होतं. त्यांनी अक्काला ओळखलं. चेहऱ्यावर ते पेपराच्या पानावरचंच, कोणत्याही सदऱ्यावर चालणारं हसू आणून हात पुढं केला. "या अक्का, पुढं या. झालं गेलं जाऊ द्या. पहिला हंडा तुमचा, माझ्या हातानं भरतो. एक फोटो घेऊ दोघांचा. काही हरकत नाही ना?"

अक्कानं हंडा काखेतून काढून खाली ठेवला.

"हाय," ती म्हणाली.

"काय?"

"हरकत हाय. लेखी देऊ, का तोंडी चालंल?"

कॅमेरे खाली आले. अध्यक्षांचा हात नळावरच राहिला. अक्कानं तो मनगटाला धरून बाजूला केला, नळ उघडला, आणि पाठीमागच्या बाईला म्हणाली, "लाव गं घागर."